मुद्दई वाघ, मुद्दालेह अस्वल

"बाई, वाघाकडून का अस्वलाकडून?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी, खुर्चीत नीट टेकायच्या आत मला हा प्रश्न विचारला गेला. विचारणारा माणूस पंचावन्नच्या पुढचा. डोक्यावर काळी टोपी, कानात अत्तराचा फाया, हातात चहाची बशी. मला वाटलं, लग्नात विचारतात ना, मुलाकडून का मुलीकडून, तसलंच काहीतरी इकडं विचारत असतील. मी म्हटलं, "मी अहमदपूरकडून."

"त्ये झालं गावाचं. आडनाव काय?"

"वाघमारे."

"अरारारा!" त्यांनी बशी खाली ठेवली. "मग तुमची साक्ष बाद. वाघाशी तुमची खानदानी दुश्मनी हाय. तुम्ही खरं बोलणारच न्हाई."

हे आमचे मुखेडकर अण्णा. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातले, आमच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने क्लार्क. मी मनात म्हटलं, झालं, पहिल्याच नोकरीत येडं माणूस शेजारी आलं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्याची ऑफिसं जागा मिळेल तिथं थाटली होती. आमचं ऑफिस एका जुन्या गोदामात होतं, आणि कपाट उघडलं की अजून भुईमुगाच्या शेंगांचा वास यायचा. कुठलं ऑफिस ते मी सांगणार नाही, माझी पेन्शन चालू आहे. जिल्हा नवा, साहेब नवे, शिक्के नवे. जुना फक्त दुष्काळ. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. आमच्या नळाला दुपारी अर्धा तास पाणी यायचं. ऑफिसातल्या बायका म्हणजे मी एकटीच, त्यामुळं माठ भरायची जबाबदारी आपोआप माझ्याकडं आलेली. मी तणतणायचे, पण भरायचे.

तणतणून करणार काय? माझे वडील गवंडी. पाणीच नाही तर सिमेंट कालवणार कशात? अहमदपुरातली सगळी बांधकामं बंद पडली होती. वडील घरी, आई घरी, एक आत्या आणि शाळेत जाणारे दोन भाऊ. एवढी पाच माणसं माझ्या टाईपरायटरवर जगत होती. आणि माझी नेमणूक हंगामी. हंगामी म्हणजे साहेबांच्या मनात आलं की संध्याकाळी निरोप यायचा, 'उद्यापासून येऊ नका.' मी त्या ऑफिसात श्वाससुद्धा जपून घेत होते.

आणि माझ्या शेजारच्या टेबलावर रोज जंगल पेटलेलं!

अण्णा शिकले निजामाच्या राज्यात, उर्दूत. राज्य गेलं, पण अण्णांच्या तोंडातली कचेरी गेली नाही. जेवणाची सुट्टी झाली की ते टोपी सरळ करायचे, टेबलावर पट्टी आपटायचे आणि पुकारा करायचे, "मुद्दई वाघ, मुद्दालेह अस्वल, हाजिर हो!" म्हणजे फिर्यादी वाघ, आरोपी अस्वल. वाघाचे वकील आमचे शिपाई गफूरभाई. अस्वलाचे वकील हिशेबनीस बिराजदार. हे उदगीरचे, चिडले की कानडीत शिरायचे. गफूरभाईंनी वाघाचा पंजा हवेत फिरवला की बिराजदार "इल्ला, इल्ला!" करत उठायचे आणि अस्वलासारखे दोन पायांवर उभे राहून दाखवायचे. त्यांचं पोट पाहता ते सोंग फार छान जमायचं.

अण्णा दोघांचं ऐकून घ्यायचे. मग त्यांचे ठरलेले सवाल. "जागा कोणची? चढाची का उताराची? पाणी किती लांब? वाघ उपाशी हाय का जेवूनखाऊन आलाय? अस्वलिणीसंगं पिल्लं हायत का?" गफूरभाई वैतागायचे. "अरे अण्णा, शेर तो शेर है! उसको क्या पूछना!" अण्णा मान हलवायचे. "मौका बघितल्याबिगर फैसला न्हाई. पोटात अन्न नसलं तर शेराचाबी बकरा होतंय. पुढची तारीख."

बस. पुढची तारीख. मी त्या ऑफिसात आले तेव्हा वाघ-अस्वल मुकदमा आठ महिने चालू होता. हत्ती आणि गेंड्याचा तर म्हणे उस्मानाबादेहून इकडं वर्ग होऊन आलेला. मगर विरुद्ध रानरेडा हा मुकदमा नदीत पाणी नसल्यामुळं तहकूब. सिंहाचं नाव कुणी काढलं की अण्णा हात वर करायचे. "सिंह आपल्या हद्दीत येत न्हाई. त्यानं गुजरातेत दाद मागावी."

एकदा मी न राहवून विचारलं, "अण्णा, तुम्ही वाघ पाहिलाय का हो कधी?"

"पाहिलाय की! नांदेडला सर्कशीत."

"काय करत होता?"

"झोपला होता," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "पण काय झोपला होता बाई! ह्यो रुबाब!"

मला हे सगळं पोरकट वाटायचं, खोटं कशाला बोलू? बाहेर लोक घागरी घेऊन उन्हात उभे आणि आत हे बाप्ये अस्वलाची नखं मोजतायत! मी एकदा तसं तोंडावर म्हटलंसुद्धा. अण्णांना राग आला नाही. ते म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर हाय. पण ऐकताना तुमचं टाइपिंग थांबलं होतं बरं का." थांबलं होतं खरं. पुढं चार दिवस मी मुद्दाम जास्त जोरात बडवलं.

आता मुख्य गोष्ट.

एका दुपारी मुकदमा फारच तापला. बिराजदार अडून बसले की मौका पाहणीचा अहवाल आल्याशिवाय आम्ही पुढं बोलणार नाही. अण्णा म्हणाले, "मागवतो की!" त्यांनी तिथंच कागद ओढला आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात, सरकारी थाटात पत्राचा मसुदा लिहिला. वाचून दाखवला. टाळ्या पडल्या म्हणे. 'म्हणे', कारण मी तेव्हा नळावर होते. इतक्यात साहेबांची घंटी वाजली, सगळे पांगले, आणि अण्णांनी हातातला कागद जवळच्या टेबलावर ठेवून दिला. जवळचं टेबल माझं. माझ्या टेबलावर टंचाईच्या पत्रांचा हा ढीग. पंख्यानं उडू नये म्हणून कुणीतरी सगळ्यावर मिळून एक दगड ठेवला.

मी माठ भरून आले, पदर खोचला आणि ढीग टाईप मारायला घेतला. टायपिस्टची बोटं वाचतात, डोकं वाचत नाही. नियम असा होता की ज्या मसुद्यावर साहेबांची छोटी सही नाही, तो टाईप करायचाच नाही. पहिल्या दहा कागदांवर मी ती सही बघितली. पुढच्यांवर नाही बघितली. संध्याकाळी साहेबांनी सगळ्या गठ्ठ्यावर सह्या ठोकल्या, गफूरभाईंनी पाकिटं चिकटवली, आणि टपाल सगळ्या तालुक्यांना गेलं.

आठ दिवसांनी पहिलं उत्तर आलं. अण्णांनी पाकीट फोडलं, वाचलं, आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपी काढलेले अण्णा मी प्रथमच पाहत होते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "ह्ये तुम्ही मारलंत?"

पत्रासोबत आमच्याच पत्राची नक्कल जोडलेली होती. विषय : वाघ व अस्वल यांच्या संभाव्य झुंजीबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या अखत्यारीतील पाणवठ्यांवर सदर प्राणी समोरासमोर आल्यास कोणाची सरशी होईल, याबाबत समक्ष स्थळपाहणी करून सविस्तर अहवाल उलटटपाली सादर करावा. अहवाल निरंक असल्यास तसे कळवावे. खाली साहेबांची सही, वळणदार.

वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मी खुर्चीचा हात धरला.

आणि सरकार कसं चालतं बघा! एकानंही विचारलं नाही की हे काय खूळ आहे. वरून पत्र आलंय ना, मग अहवाल जायला पाहिजे. एका तालुक्यानं कळवलं, 'निरंक.' दुसऱ्यानं, 'वाघ उपलब्ध नाही. अस्वलाबाबत दरवेशाकडे चौकशी चालू आहे.' तिसऱ्यानं विचारलं, 'सदर झुंजीसाठी अनुदान कोणत्या लेखाशीर्षाखाली उपलब्ध होईल?' चौथ्यानं वाघ येणार अशी अफवा उठल्यामुळं बाजार मोडल्याचं कळवून जादा बंदोबस्त मागितला होता. गफूरभाई एकेक पाकीट आणून ठेवत होते आणि "या अल्ला" म्हणत होते. बिराजदारांना हसू फुटायचं, मग माझ्याकडं बघून ते गिळायचे.

पाचवं पाकीट थेट साहेबांकडं गेलं. आणि साहेबांनी बोलावलं. मला.

साहेब नगरकडचे, वयानं तिशीतले, तापट. मी दारातून आत पाऊल टाकतेय तोवर मागून कुणीतरी मला बाजूला सारून पुढं घुसलं. अण्णा.

"साहेब, मसुदा माझा. अक्षर माझं. टायपाला मीच दिला."

"पण माझी छोटी सही नसताना ह्यांनी टाईप कसं केलं?" साहेबांनी माझ्याकडं बोट केलं.

"बाईंनी विचारलं होतं साहेब. दोनदा विचारलं. मीच म्हणलो, अर्जंट हाय, साहेबांचं तोंडी झालंय, मारा."

मी अण्णांकडं बघतच राहिले. मी काही विचारलं नव्हतं. एकदासुद्धा नाही. माझं तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णांनी चपलेनं माझ्या पायावर असा दाब दिला की ते आपोआप मिटलं.

"ह्याचा अर्थ कळतो तुम्हांला, मुखेडकर? सरकारी पत्र आहे हे! ह्यावर सही..." साहेब थांबले. त्यांनी सहीकडं पाहिलं. मग पंख्याकडं पाहिलं.

"सहीचं आमच्या ध्यानात न्हाई आलं साहेब," अण्णा अगदी अदबीनं म्हणाले. "लई कागद होते त्या दिवशी."

साहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण त्यांनी स्वतःला सावरलं आणि पाचव्या पाकिटातल्या नकलेखालचा अहवाल उचलला. "बघू, ह्यांनी काय दिवे लावलेत." आणि मोठ्यानं वाचायला लागले.

तो जांभळवाडीच्या तलाठ्याचा होता, तालुक्यानं आमचं पत्र त्याच्याकडं ढकललेलं. जांभळवाडी म्हणजे डोंगराच्या कडेची पन्नास उंबऱ्यांची वस्ती. मजकूर मला आजही पाठ आहे. 'मौजे जांभळवाडी येथे वाघ व अस्वल नाहीत. पाणवठा एकच, ओढ्यातला झरा. आदेशाप्रमाणे दोन दिवस समक्ष बसून पाहिले. पहाटे लांडगा येतो, कोल्हा येतो, रानडुकरे येतात. झुंज होत नाही. जनावरे पाळीपाळीने पितात. उजाडल्यावर बायका येतात. तेथे झुंज होते. मागील मंगळवारी दोघींची डोकी फुटली. सरशी कोणाची होते असे विचारल्यास, ज्या घरात तरणी माणसे आहेत त्या घराची होते. एकट्या म्हातारीची होत नाही. टँकरबाबत यापूर्वी तीन अर्ज केले आहेत. अहवाल सादर.'

साहेबांचा आवाज शेवटी शेवटी बारीक होत गेला. वाचून झाल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला नाही. तसाच धरून ठेवला.

"तीन अर्ज कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

अण्णा धावतच गेले. जिल्हा वेगळा होताना फायलींचे जे गठ्ठे बांधून आले होते, त्यातले निम्मे अजून सुटलेच नव्हते. अण्णांनी, गफूरभाईंनी आणि बिराजदारांनी मिळून गाठी सोडल्या. अर्ध्या तासात धुळीनं माखलेले तिन्ही अर्ज टेबलावर आले. साहेबांनी तिथल्या तिथं टँकरचा आदेश लिहिला. मी उभ्या उभ्या टाईप केला. छोटी सही दोनदा बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर जांभळवाडीला पोचला. तलाठ्यानं तालुक्यातून फोन केला. गफूरभाईंनी घेतला. "पहुँचा! पानी पहुँचा!" म्हणून ते असे ओरडले की बाहेर उभे असलेले लोक आत आले. बिराजदारांनी सगळ्यांना चहा सांगितला. साहेब स्वतः खोलीतून बाहेर आले, चहा घेतला, आणि जाता जाता अण्णांच्या टेबलापाशी थबकले.

"काय हो मुखेडकर, पण जिंकेल कोण?"

अण्णा अदबीनं उभे राहिले. "मौका पाहावा लागंल साहेब. पुढची तारीख घ्या."

अख्खं ऑफिस हसलं. साहेबसुद्धा. असा दिवस त्या गोदामानं परत पाहिला नाही.

पण नियम तो नियम. साहेब म्हणाले, लेखी ताकीद तर द्यावीच लागेल, सेवापुस्तकात नोंद होईल. मजकूर टाईप करायला आला माझ्याकडंच. दुसरं होतं कोण टायपिस्ट? 'श्री. मुखेडकर यांनी शासकीय कामात हलगर्जीपणा केल्याचे निदर्शनास आल्याने...' हलगर्जीपणापर्यंत आले आणि माझी बोटं थांबली. अक्षरं दिसेनात.

"काय झालं? रिबन संपली का?" अण्णा शेजारून म्हणाले.

"अण्णा, इथं माझं नाव पाहिजे."

"गप ऱ्हावा." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "साहेबांनी तुम्हांला बोलावलं ना, तवा मी झुंज मांडून बघितली. साहेब आन् तुम्ही. मौका बघितला. तुम्ही हंगामी, घरी पाच तोंडं, पाठीशी कुणी न्हाई. तुमचा दोन मिंटात निकाल लागत होता. मग साहेब आन् मी, अशी मांडली. मी म्हातारा गेंडा. पुढच्या उन्हाळ्यात रिटायर. मला एखादं शिंग लागलं तर काय बिघडतंय?"

"पण चौतीस वर्षांची नोकरी! पुस्तकावर एक डाग नव्हता तुमच्या."

"वाचणार कोण हाय त्ये पुस्तक?" अण्णा हसले. "बायको गेली त्याला सव्वीस वर्सं झाली. लेकरू झालं न्हाई. घरी जातो, कुलूप काढतो, कंदील लावतो. कंदिलाला इचारतो, हत्ती का गेंडा? कंदील काय बोलतोय? म्हणून तर हितं तुमची डोकी खातो. फैसला दिला तर उद्या कोण येईल माझ्या टेबलापाशी?" मग एकदम टोपी सरळ करून म्हणाले, "मारा पुढचं. कार्बन नीट लावा, माझी प्रत फिक्की येऊ देऊ नका."

मी मारलं. आयुष्यात एवढ्या चार ओळी मला कधी जड गेल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, दारात एक म्हातारी उभी राहिली. पायांवर धुरळा, पाठ वाकलेली, हातात फडकं बांधलेला तांब्या. जांभळवाडीहून आधी पायी आणि मग एसटीनं आली होती.

"वाघाचं पत्र धाडणारा सायेब कोणचा हाय?"

गफूरभाईंनी अण्णांकडं बोट केलं. अण्णा चटकन उठले आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "मी न्हाई, मावशे. पत्र ह्या बाईनं धाडलं. त्यांनी धाडलं नसतं तर माझा कागद हितंच वाऱ्यावर उडाला असता."

म्हातारी माझ्याकडं आली. दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवून तिनं आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "एकटी हाय मी बाई," ती म्हणाली. "चार महिनं मला झऱ्याला कुणी टेकू दिलं न्हाई. आता दारात येतंय पाणी. रिकाम्या हातानं कसं यावं? म्हून टँकरचं पाणीच आणलं. पी."

मी तिचा हात धरला आणि तिला ओढतच अण्णांच्या टेबलापाशी नेलं. "आजी, मी चूक केली होती, नुसती चूक. ती ह्यांनी अंगावर घेतली म्हणून माझी नोकरी राहिली. पाणी ह्यांना द्या. ह्यांना घरी पाणी विचारणारं कुणी नाही."

"बाई, काय बी बोलू नका," अण्णा पुटपुटले. पण म्हातारीनं फडकं सोडलं होतं. "बस, लेकरा," ती म्हणाली.

सत्तावन्न वर्षांचे अण्णा मुकाट खाली बसले. त्यांनी टोपी काढली, ओंजळ पुढं केली. म्हातारीनं वरून धार धरली. ते प्यायले. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं, तेव्हा तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि विचारलं, "आनखी देऊ?"

अण्णांनी नुसती मान हलवली आणि ओंजळ पुन्हा पुढं केली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

गफूरभाई भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. बिराजदारांनी एक फाईल उघडली, ती उलटी होती. मी मशीनवर कोरा कागद चढवला आणि त्यावर काय येतंय ते न बघता बडवत बसले.